मज्जातंतूंची वेदना : उपाय अनेक, मेळ एक

नागिणीचे फोड सुकतात, खपल्या गळून पडतात, कातडीवर फिकट डागांचा एक पट्टा तेवढा मागे राहतो आणि घरातली माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण एखाद्या वृद्ध रोग्याच्या बाबतीत खरे दुखणे येथून पुढे सुरू होते. सदऱ्याची शिवण बरगडीला लागली तरी अंगावर ठिणगी पडल्यासारखे वाटते. पंख्याचा वारा आला की कातडी सोलली जात असल्याचा भास होतो. रात्री दिवे मालवले, घर निजले, की दाह अधिकच जागा होतो. डॉक्टर तपासतात, तर जखम भरलेली असते; ताप नसतो, सूज नसते. महिन्यामागून महिने जातात आणि मग घरात कोणीतरी हलक्या आवाजात म्हणून जाते, "वय झाले आता, मनाचेच असेल."

ज्याला दुखते त्याच्या कानावर हे वाक्य कधी ना कधी पडतेच. मग तो दुखणे सांगेनासा होतो आणि गुपचूप उपाय करू लागतो. त्याच्या उशाशी हळूहळू एक लहानसे दुकान उभे राहते. एका डॉक्टरांची गोळी, दुसऱ्या डॉक्टरांची कॅप्सूल, शेजाऱ्यांनी सुचवलेले तेल, कोणाकडून तरी आणलेली पुडी, ताकदीची म्हणून जीवनसत्त्वांची बाटली आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी. यातले काही उपयोगी असते, काही निरुपयोगी असते आणि काही एकमेकांच्या सान्निध्यात घातकही असते. कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे मात्र कोणालाच, खुद्द रोग्यालाही, सांगता येत नाही.

या वेदनेवर एकापेक्षा अधिक उपाय एकत्र योजणे चुकीचे आहे काय? मुळीच नाही. पुष्कळदा तोच योग्य मार्ग ठरतो, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु उपायांचा मेळ घालणे आणि उपायांचा ढीग रचणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात येण्यासाठी या वेदनेची जात आधी ओळखली पाहिजे.

पायात काटा रुतला की जी वेदना होते, ती निरोप्याचे काम करते. पायाला इजा झाली, पाय उचला, असा निरोप ती मेंदूला पोहोचवते. काटा निघाला, जखम भरली, की निरोप्याचे काम संपते. मज्जातंतूंच्या वेदनेत खुद्द निरोप्याच आजारी पडलेला असतो. निरोप धाडणारे कोणी नसताना तो रात्रंदिवस दार ठोठावत राहतो. विषाणूने, वाढलेल्या साखरेने, दाबाने किंवा जखमेने मज्जातंतू दुखावतो आणि मग आपल्या आपणच खोटे इशारे देऊ लागतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली या वेदनेची जी व्याख्या मान्य केली, तिचा आशय हाच आहे : संवेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेलाच इजा किंवा रोग झाल्यामुळे उद्भवणारी ती मज्जातंतुजन्य वेदना.

रोगी तिचे वर्णन करतो तेही निराळ्याच शब्दांत. तो 'दुखते' असे सहसा म्हणत नाही. जळते, चमक मारते, विजेचा झटका बसतो, मुंग्या धावतात, सुया टोचतात, असे त्याचे शब्द असतात. आणखी एक विलक्षण गोष्ट म्हणजे, जेथे आग होते तोच भाग पुष्कळदा बधिरही असतो. मधुमेह्याच्या तळपायांची रात्री लाही लाही होते, आणि त्याच तळपायाला खडा रुतलेला त्याला कळत नाही. ऐकणाऱ्याला ही विसंगती वाटते. वस्तुतः दोन्ही लक्षणे त्याच बिघडलेल्या तारेची आहेत. नागीण, मधुमेह, चेहऱ्यावर विजेसारखी लवणारी तिडीक, मणक्यात दबलेली नस, कुष्ठरोग, कर्करोगावरील काही औषधे, अर्धांगवायूचा झटका, कापून टाकलेला अवयव, असे या वेदनेचे उगम अनेक आहेत. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख भरते. या सर्वांनाच अशी वेदना होते असे नाही. पण हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही, एवढे त्यावरून उघड होते.

या वेदनेवर वैद्यांचा विश्वास बसायलाही काळ जावा लागला. चेहऱ्याच्या तिडकेचे सविस्तर वर्णन जॉन फॉदरगिल यांनी १७७३ साली लंडनच्या वैद्यकमंडळीपुढे वाचले. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या युद्धात बंदुकीच्या गोळ्यांनी मज्जातंतू फाटलेल्या सैनिकांसाठी फिलाडेल्फिया शहरात एक खास रुग्णालय चालवले गेले आणि सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे काम केले. जखमा भरून आलेले हे सैनिक हाताची आग सोसवेना म्हणून हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. वर्तमानपत्राच्या कागदाची सळसळ किंवा खोलीतल्या पावलांचा हादरा यांनीही त्यांची वेदना भडके. मिचेल यांनी या माणसांना ढोंगी ठरवले नाही. त्यांच्या वेदनेला त्यांनी नाव दिले, तिची नोंद केली, आणि १८६४ साली सहकाऱ्यांसह या जखमांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तुटलेल्या अवयवाच्या जागी जाणवणाऱ्या अवयवाला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचे इंग्रजी नाव रूढ झाले, तेही त्यांच्याच १८७१ मधील लेखनापासून.

याच डॉक्टरांनी १८६५ साली आणखी एक निबंध लिहिला. वेदना शमवण्यासाठी ते अफूपासून काढलेले मॉर्फिन टोचीत असत. पण मॉर्फिनचे उपद्रव पुष्कळ. म्हणून धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींपासून मिळणारे ॲट्रोपिन त्याच्या जोडीला दिले तर काय होते, हे त्यांनी रोग्यागणिक टिपून ठेवले. कोणता परिणाम एकमेकांना मारतो आणि कोणता टिकून राहतो, याची ती शिस्तशीर तपासणी होती. औषधांचा संयोग करावा, पण मोजून, नोंदून आणि पारखून करावा, हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच घातला गेला होता.

विसाव्या शतकात या वेदनेवर जी औषधे हाती आली, ती बहुतेक आडवाटेने आली. कार्बामाझेपिन हे अपस्माराचे औषध. चेहऱ्याच्या तिडकेवर ते चालते, असे ब्लोम या स्वीडिश डॉक्टरांनी १९६२ साली जाहीर केले, आणि त्या विकारावर आजही त्याचे स्थान पहिले आहे. ॲमिट्रिप्टिलिन आले ते मनाच्या खिन्नतेवरचे औषध म्हणून. अल्प मात्रेत ते मज्जातंतूंची आग कमी करते, हे मागाहून कळले. गॅबापेंटिनला अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाली तीही अपस्मारासाठी; मधुमेह्यांच्या आणि नागीण झालेल्या रोग्यांच्या वेदनेवर ते उपयोगी पडते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दिसून आले. प्रेगाबालिन आणि ड्युलोक्सेटिन ही पुढच्या काळातील भावंडे.

या आडवाटेमुळे एक घोटाळा मात्र घरोघरी होतो. रोगी औषधाच्या वेष्टनातला कागद उलगडतो, त्यावर 'अपस्मार' किंवा 'नैराश्य' हे शब्द वाचतो आणि चपापतो. 'म्हणजे डॉक्टरांनाही वाटते की मला वेड लागले आहे!' तो गोळी बाजूला ठेवतो आणि कोणाला सांगतही नाही. दोन मिनिटे खर्चून त्याला इतकेच सांगायला हवे की, अपस्मारात मेंदूच्या पेशी जशा नको तेव्हा पेटून उठतात, तसाच हा दुखावलेला मज्जातंतू नको तेव्हा पेटतो; म्हणून एकीवरचे औषध दुसऱ्यावर चालते. हे स्पष्टीकरण औषधाइतकेच मोलाचे असते, कारण त्यावाचून औषध पोटात जातच नाही.

आता संयोगाचे कारण पाहू. वेदनेचा इशारा कातडीपासून मेंदूपर्यंत जातो तो एका उडीत जात नाही. वाटेत त्याची ठाणी आहेत. पहिले ठाणे कातडीतील मज्जातंतूंची टोके, दुसरे खुद्द तंतूची तार, तिसरे मज्जारज्जू, आणि शेवटचे मेंदू. शिवाय मेंदूकडून खाली येणारी एक उलटी वाटही आहे. तिच्यावरून मेंदू मज्जारज्जूला 'पुरे' असा हुकूम सोडतो. प्रत्येक उपायाची जागा यांपैकी एखाद्या ठाण्यावर असते. लिडोकेनची पट्टी कातडीत काम करते. कार्बामाझेपिन तारेतून धावणारे बेसुमार स्पंद आवरते. गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन मुख्यत्वे मज्जारज्जूतील देवघेव मंदावतात. ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन वरून येणारा 'पुरे'चा हुकूम बळकट करतात. डोकेदुखीवरच्या नेहमीच्या गोळ्या आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या यांचे ठाणे वेगळेच असल्यामुळे या वेदनेवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. आणि त्या मूठमूठ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडे यांची हानी तेवढी होते.

मिरचीची कथा येथे सांगण्याजोगी आहे. मिरचीतला तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्या कॅप्सायसिनचा ग्राहक डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शोधून काढला. तोच ग्राहक उष्णतेचा चटकाही ओळखतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कॅप्सायसिनचा मोजका, तीव्र लेप कातडीवर ठेवला की ती टोके आधी भडकतात आणि मग काही आठवडे मंदावतात. अशा ८ टक्के पट्टीला २००९ साली अमेरिकेत नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. ती पट्टी डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावतात. घरच्या तिखटाचा लेप लावून पाहण्याचा मोह मात्र कोणी धरू नये.

एकाच ठाण्यावर सारा जोर लावला तर काय होते? औषधाची मात्रा वाढवावी लागते, आणि वेदना हटण्याआधीच गुंगी, तोंडाला कोरड, चक्कर, मलावरोध यांनी रोगी बेजार होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याने हिशेब मांडला : नकली गोळीने मिळते त्याहून वर आणखी एका रोग्याची वेदना निम्म्याने उतरावी, यासाठी ॲमिट्रिप्टिलिनच्या कुळातील औषध सुमारे चौघांना, तर प्रेगाबालिन सात-आठ जणांना द्यावे लागते. म्हणजे एकेकटे औषध अनेकांना पुरे पडत नाही. मग दोन ठाण्यांवर दोन औषधे, थोड्या थोड्या मात्रेत, अशी योजना का करू नये?

कॅनडातील किंग्स्टन येथील संशोधकांनी हाच प्रश्न कसोटीला लावला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत मधुमेहाने किंवा नागिणीने मज्जातंतू दुखावलेले ५७ रोगी होते. प्रत्येकाला पाळीपाळीने गॅबापेंटिन, मॉर्फिन, दोन्ही मिळून, आणि वेदनेवर न चालणारे एक औषध देण्यात आले. १० गुणांच्या मोजपट्टीवर आरंभी वेदना सरासरी ५.७ होती. न चालणाऱ्या औषधाने ती ४.५, गॅबापेंटिनने सुमारे ४.२, मॉर्फिनने ३.७ आणि दोन्हींच्या संयोगाने ३.१ इतकी झाली. शिवाय संयोगात दोन्ही औषधांच्या मात्रा एकेकट्यापेक्षा कमी लागल्या. पण फुकट काहीच मिळाले नाही; संयोगात तोंडाला कोरड अधिकांना पडली. याच गटाने २००९ साली गॅबापेंटिन आणि नॉरट्रिप्टिलिन यांची जोडी तपासली आणि तिचाही निकाल संयोगाच्या बाजूने लागला.

तथापि प्रत्येक जोडी जिंकतेच असे नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ड्युलोक्सेटिन आणि प्रेगाबालिन बेताच्या मात्रेत एकत्र देणे आणि दोहोंपैकी एकच भरपूर मात्रेत देणे, यांच्या मुख्य निकालात लक्षणीय फरक पडला नाही. २०२२ साली ब्रिटनमधील अनेक केंद्रांत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीत मधुमेहामुळे पाय दुखणारे १३० रोगी होते. त्यांना ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रेगाबालिन यांपैकी एका औषधाने आरंभ करून देण्यात आला, आणि सहा आठवड्यांनी पुरेसा गुण आला नाही तर दुसऱ्याची जोड देण्यात आली. आरंभ कोणत्याही औषधाने केला तरी १६ आठवड्यांअखेर सरासरी वेदना ६.६ वरून ३.३ वर आली. पहिल्या औषधाने ज्यांचे भागले नव्हते त्यांना दुसऱ्याच्या जोडीचा आधार झाला. या सर्वांचा मथितार्थ इतकाच की, आधी एक औषध द्यावे, ते बेताबेताने वाढवावे, त्याला वेळ द्यावा, आणि कमी पडले तर विचारपूर्वक दुसरे जोडावे. मॉर्फिनच्या जातीची औषधे सवय लावणारी आणि धोक्याची असल्याने आज ती शेवटच्या फळीत ठेवली जातात.

औषधाबाहेरच्या उपायांनाही असाच आधार आहे. मूल पडले, गुडघ्याला लागले, की आई तो भाग चोळते आणि फुंकर घालते. मूल शांत होते ते केवळ मायेने असे समजण्याचे कारण नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असते. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की ते फाटक आवळले जाते, आणि मेंदूही वरून ते उघडू किंवा लावू शकतो. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. पण वेदनेवर वाटेत अंमल चालवता येतो, ही त्यातली मूळ गोष्ट टिकली. कातडीवरून विजेचा सौम्य प्रवाह सोडणारी लहान यंत्रे याच कल्पनेतून निघाली. अवयव गमावलेल्या माणसांसाठी, जन्माने तमिळनाडूचे असलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात आरशाचा उपाय पुढे आणला. शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसते. मूठ उघडली की आवळून राहिलेला भुताचा हातही उघडल्यासारखा वाटतो, आणि काहींची कळ उतरते.

नित्य चालणे, दुखऱ्या भागाची बेताची हालचाल, ठरल्या वेळची झोप, श्वासाचे शांत अभ्यास, वेदनेविषयीची भीती कमी करणारे समुपदेशन, यांचे मोल कमी लेखण्याजोगे नाही. वेदना झोप मोडते, आणि मोडलेली झोप वेदनेला धार लावते. हे चाक कोठून तरी थांबवावे लागते. तेलाचे हलके मर्दन सोसवत असेल आणि कातडी अखंड असेल, तर त्याला हरकत असण्याचे कारण नाही. स्पर्शच सोसत नसेल तर मात्र बळजबरी करू नये.

आता धोक्यांचा विचार. दानाच्या बाबतीत उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये म्हणतात. औषधांच्या बाबतीत ते कळलेच पाहिजे. गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन आणि मॉर्फिनच्या जातीचे औषध एकत्र आले तर गुंगी वाढून श्वास मंदावू शकतो. वृद्धांत आणि फुप्फुसांच्या रोग्यांत हा धोका अधिक. २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी जाहीर इशारा दिला. त्यात झोपेची गोळी किंवा मद्य यांची भर पडली तर संकट दुणावते. ड्युलोक्सेटिन आणि ट्रॅमाडॉल ही दोन औषधे दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी, एकमेकांच्या नकळत, लिहून दिली तर थरथर, घाम, बेचैनी, ताप असा गंभीर विकार क्वचित उद्भवतो. ॲमिट्रिप्टिलिनने लघवी तुंबू शकते, काचबिंदू चाळवू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात; मूत्रपिंडे मंद असतील तर मात्रा कमी करावी लागते. कार्बामाझेपिन रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसारख्या औषधांचा जोर घटवते. आणि ते सुरू केल्यावर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड उठले तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांना गाठले पाहिजे. एरवी यांतील कोणतेही औषध बरे वाटले म्हणून एकाएकी आपल्या मनाने सोडू नये. ते उतरवण्याचेही वेळापत्रक असते.

'निरुपद्रवी' म्हणून ज्यांची गणना होते त्यांकडेही डोळसपणे पाहावे. 'नसांची ताकद' म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा बी-६ जीवनसत्त्व असते. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास उलट मज्जातंतूंनाच इजा करते, हे १९८३ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. बी-१२ ची उणीव असेल तर मात्र ती भरून काढणे अगत्याचे असते. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही उणीव आढळते. रक्त तपासून ती कळते, अंदाजाने नव्हे. घटक न छापलेल्या काही पुड्यांत शिसे किंवा सोमल निघाल्याची उदाहरणे आहेत, आणि हे दोन्ही पदार्थ मज्जातंतूंचे वैरी आहेत. आणि ती गरम पाण्याची पिशवी! बधिर झालेल्या तळपायाला चटका कळत नाही. आग कमी व्हावी म्हणून शेकायला घेतलेला पाय सकाळी भाजलेला आढळतो, आणि मधुमेह्याची ती जखम महिनोन् महिने भरत नाही. अशा पायाला शेक नको, अनवाणी चालणे नको, आणि रोज रात्री तळवा डोळ्यांनी पाहणे मात्र हवे.

म्हणजे प्रश्न शेवटी सुसूत्रतेचा आहे. एकच काम चार खात्यांकडे गेले, प्रत्येक खात्याने आपापली स्वतंत्र नस्ती उघडली आणि कोणीच दुसऱ्याची नस्ती पाहिली नाही, तर कामाचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. रोग्याच्या देहावर पुष्कळदा असाच कारभार चालतो. जॉन बोनिका या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना हे ओळखले. भूल देणारा, मज्जातंतूंचा तज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मानसतज्ज्ञ यांनी एकत्र बसून एकाच रोग्याचा विचार केला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. १९५३ साली वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे सिॲटल येथे अशी एकत्रित चिकित्सा उभी केली. भारतातही मोठ्या रुग्णालयांतून आज वेदना-चिकित्सेचे विभाग आहेत. पण जेथे असा विभाग नाही, त्या तालुक्याच्या गावीही या तत्त्वाचा सारांश एका दोनशे पानी वहीत मावतो.

त्या वहीत पहिल्या पानावर घेत असलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव लिहावे. गोळी, काढा, तेल, पुडी, तपकीर, मद्य, काहीही न वगळता. पुढच्या पानांवर रोज रात्री वेदनेला शून्य ते दहा गुण द्यावेत, झोप किती लागली ते लिहावे, आणि कोणता बदल कोणत्या तारखेस केला ते नोंदवावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन नवे उपाय एकाच दिवशी सुरू केले, तर यशाचे श्रेय कोणाला आणि अपायाचा दोष कोणाला, हे ठरत नाही. आणि एक डॉक्टर असा निवडावा की, इतर कोणाचेही औषध सुरू होण्यापूर्वी ही वही त्याच्या नजरेखालून जाईल. डॉक्टरला न सांगता घेतलेला काढा आणि वैद्याला न सांगता घेतलेली गोळी या दोन्हींत सारखाच धोका आहे.

काही वेदना मुळात टाळताही येतात. साखर ताब्यात राहिली तर मज्जातंतू अधिक काळ शाबूत राहतात. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा लवकर दाखवला तर तंतू वाचवता येतात. नागीण उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाले तर आजाराचा जोर कमी होतो. हे तीन दिवस मंत्र घालण्यात आणि काव फासण्यात जाऊ नयेत. नागिणीच्या दोन तोंडांची गाठ पडली की रोगी दगावतो, ही समजूत निराधार आहे. विषाणू बहुधा एकाच बाजूच्या एका तंतूच्या वाटेने पसरतो, म्हणून तो पट्टा देहाच्या मध्यरेषेवर थांबतो. पन्नाशीनंतर नागीण टाळण्यासाठी घेण्याची नवी लसही २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे.

मग त्या वृद्ध रोग्याला अखेर काय मिळते? वेदना समूळ जाईल असे वचन कोणी प्रामाणिक डॉक्टर देत नाही. दहापैकी सात असलेली वेदना चारवर येते. सदरा अंगावर सहन होतो. रात्री सलग पाच तास झोप लागते आणि सकाळी देवळापर्यंत किंवा ग्रंथालयापर्यंत पाय चालतात. शास्त्राच्या भाषेत हा चाळीसेक टक्क्यांचा फरक असेल. ज्याने सहा महिने रात्री बसून काढल्या त्याला मात्र या आकड्याची खरी किंमत कळते.

आणि या मेळातला पहिला उपाय घरातलाच आहे. त्याला मात्रा नाही, पथ्य नाही, आणि तो दुसऱ्या कोणत्याही औषधाच्या आड येत नाही. जखम दिसत नसली तरी वेदना खरी आहे, असे घरच्यांनी एकदा त्याच्यापाशी बसून म्हणावे. मग तो उशाशी मांडलेले दुकान स्वतःहून दाखवतो, लपवलेली पुडी बाहेर काढतो, आणि वहीचे पहिले पान खरे लिहिले जाते. इलाजाचा आरंभ तेथून होतो.